गृहसंगणकांच्या चकत्यांवरील फेरिस्ती व गठ्ठे

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे कागद, ताम्रपट, शिलालेख आणि नाणीं हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु इ. स. १९७५ पासून पुढच्या पंधरा-वीस वर्षांतील व्यक्तींचीं व मंडळांचीं दप्तरें ज्यांच्या हातीं येतात, त्यांना कागदांच्या रुमालांबरोबर पातळ काळ्या चकत्यांनीं भरलेले खोकेही मिळूं लागले आहेत. या चकत्यांवर लेखकांचे कच्चे मसुदे आहेत, पत्रव्यवहार आहे, हिशेब आहेत, आणि ज्यांनीं गृहसंगणकाची विद्या घडविली त्यांचे मूळ प्रोग्रॅमही आहेत. असा खोका हातीं आल्यावर त्याचें काय करावें, याविषयीं संग्राहकांत दोन चुकीच्या समजुती दिसून येतात. एक अशी कीं, चकती यंत्रांत घालून तिची यादी पडद्यावर आणिली म्हणजे तिच्यावर काय आहे तें सर्व कळलें. दुसरी अशी कीं, गठ्ठा बांधून ठेवलेल्या फाइली सोडवून घेतल्या म्हणजे वरचें वेष्टन टाकून देण्यास हरकत नाहीं. या दोन्ही समजुतींमुळें पुरावा नष्ट होतो. तो कसा नष्ट होतो हें, त्या काळीं फेरिस्ती करण्याचीं व गठ्ठे बांधण्याचीं जीं साधनें होतीं त्यांची रचना समजल्याशिवाय ध्यानांत यावयाचें नाहीं. म्हणून ती रचना येथें थोड्या विस्तारानें सांगतों.

विवेचनासाठीं आम्ही मुख्यतः सीपी/एम ही कार्यप्रणाली घेतों. गॅरी किल्डॉल यांनीं ती अमेरिकेंत १९७४ सालीं रचिली, आणि १९८१ सालीं आयबीएम कंपनीचें यंत्र निघेपर्यंत व त्यानंतरही कांहीं वर्षें ती निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांवर चालत होती. तिची प्रमाण चकती आठ इंची. तिच्यावर ७७ वर्तुळाकार पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर २६ खंड, आणि प्रत्येक खंडांत १२८ बाइट. म्हणजे एकंदर २,५६,२५६ बाइट. एक बाइट म्हणजे स्थूलमानानें एक रोमन अक्षर असें समजावें. पहिले दोन पट्टे प्रणालीसाठीं राखलेले असत व त्यांच्यापुढें चकतीची यादी असे. या यादींत ६४ नोंदींची जागा, आणि एकेक नोंद ३२ बाइटांची. नोंदीच्या पहिल्या बाइटांत वापरणाराचा विभाग-क्रमांक, पुढें आठ अक्षरांचें नांव, तीन अक्षरांचें उपनांव, आणि उत्तरार्धांत त्या फाइलीचा मजकूर चकतीवर कोठें कोठें ठेविला आहे त्याचे निर्देश. एवढेंच. तींत तारीख नाहीं, लेखकाचें नांव नाहीं, आणि मजकुराची नेमकी लांबीही नाहीं. लांबी १२८ च्या पटींत मोजावयाची व मजकूर जेथें खरोखर संपला तेथें २६ या मूल्याचा एक बाइट खूण म्हणून घालावयाचा, अशी वहिवाट होती.

आतां पहिल्या समजुतीकडे वळूं. या प्रणालींत यादी मागविण्याची जी साधी आज्ञा होती, ती चालू असलेल्या एकाच विभागांतील फाइली दाखवी. विभाग १६ असत, ० पासून १५ पर्यंत. ज्यानें सातव्या विभागांत कांहीं ठेविलें असेल त्याची यादी शून्य विभागांतून पाहणाराला दिसावयाची नाहीं. शिवाय उपनांवाच्या दुसऱ्या अक्षराच्या बाइटांतील सर्वांत वरचा अंश बदलला कीं ती फाइल ‘प्रणालीची’ समजली जाई, आणि साध्या यादींतून गळून पडे. म्हणजे पडद्यावर आलेली यादी ही चकतीची पूर्ण फेरिस्त नव्हे. ती कारकुनानें विचारलेल्या प्रश्नापुरतें दिलेलें उत्तर होय.

याहून महत्त्वाची गोष्ट खोडलेल्या फाइलींची. फाइल खोडावयाची आज्ञा दिली असतां तिचा मजकूर पुसला जात नसे. यादींतील नोंदीचा पहिला बाइट तेवढा बदलून त्या जागीं षोडशमान पद्धतीनें ई५, म्हणजे दशमान २२९, हा अंक लिहिला जाई. हाच अंक कां, तर कोरी चकती आंखतांना तिच्या सर्व खंडांत हाच अंक भरलेला असे. त्यामुळें कोरी यादी आणि खोडलेली यादी यांत प्रणालीला भेद करावा लागत नसे. सीपी/एमच्या नोंदींत पहिला बाइट नांवाचा नसून विभाग-क्रमांकाचा असल्यामुळें, खोडलेल्या फाइलीचें संपूर्ण नांव जसेंच्या तसें शिल्लक राहतें. हरवतो तो फक्त विभाग. पुढें आयबीएमच्या यंत्रांवर आलेल्या डॉस प्रणालींतही खोडण्यासाठीं हाच अंक ठेविला, पण तेथें नोंदीचा पहिला बाइट म्हणजे नांवाचें पहिलें अक्षर असल्यानें तें अक्षर कायमचें जातें. ज्यांनीं वाळवीनें आद्याक्षर खाल्लेलीं नांवें लाविलीं आहेत, त्यांना दुसऱ्या प्रकारांत काय अडचण येते हें निराळें सांगावयास नको. जोंवर त्या जागेवर दुसरा मजकूर लिहिला गेला नाहीं, तोंवर हा खोडलेला लेख पूर्ण वाचतां येतो. तसेंच २६ च्या खुणेपुढें, शेवटच्या १२८ बाइटांपैकीं जे उरले त्यांत, लिहितेवेळीं यंत्राच्या स्मृतींत पडून असलेला अन्य मजकूर पुष्कळदां आढळतो. मसुद्याच्या आधींच्या पाठाचा तुकडा अशा ठिकाणीं मिळण्याचा संभव असतो, आणि नेहमींच्या रीतीनें फाइल उघडणाराला तो कधींच दिसत नाहीं.

चकत्या दहा-वीस असतील तोंवर वरची चिठ्ठी वाचून काम भागे. त्या शेंकड्यांवर गेल्या तेव्हां कोणती फाइल कोणत्या चकतीवर आहे हें सांगणारी एक स्वतंत्र फेरिस्त करणें भाग पडलें. या कामीं शिकागोचे वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनीं जी व्यवस्था लाविली ती आम्हांला सर्वांत मार्मिक वाटते. क्रिस्टेन्सन यांची ख्याति दूरध्वनीवरून फाइली पाठविण्याच्या एक्स्‌मोडेम पद्धतीमुळें (१९७७) आणि रँडी सूस यांच्या साह्यानें १९७८ च्या फेब्रुवारींत चालू केलेल्या संगणकीय फलकामुळें झाली. आमच्यासारख्यांना त्यांचें ऋण मानावयाचें तर तें या फेरिस्तीसाठीं मानावें लागेल.

त्यांची युक्ति अशी. प्रत्येक चकतीवर एक रिकामी फाइल करावयाची. तिच्यांत मजकूर कांहींच नाहीं, पण तिचें नांव वजाबाकीच्या आडव्या रेघेनें सुरू होतें व उपनांवाच्या तीन जागीं चकतीचा क्रमांक असतो. आडवी रेघ वर्णक्रमांत अंकांच्या व अक्षरांच्या आधीं येत असल्यामुळें यादी लाविली कीं हें नांव डोक्यावर येतें. चकतीचें नांव अशा रीतीनें बाहेरच्या चिठ्ठीवर नव्हे, तर चकतीच्या पोटांत लिहिलें गेलें. चिठ्ठी गळून पडली तरी तें जात नाहीं. मग एफ्‌मॅप या प्रोग्रॅमनें त्या चकतीवरील नांवें उतरून घ्यावयाचीं, यूकॅटनें तीं मुख्य फेरिस्तींत मिसळावयाचीं, आणि कॅटनें पाहिजे तें नांव शोधावयाचें. मुख्य फेरिस्त म्हणजे मास्ट.कॅट नांवाची साध्या मजकुराची फाइल. तिच्या एकेका ओळींत फाइलीचें नांव, स्वल्पविराम, व चकतीचें नांव, ओळी वर्णानुक्रमानें. ही फेरिस्त साध्या मजकुरांत असल्यामुळें आज कोणत्याही यंत्रावर ती वाचतां येते. तिच्यानंतर गुप्त बांधणीच्या अनेक फेरिस्ती निघाल्या, त्या उलगडावयास आज मूळ प्रोग्रॅमच शोधावा लागतो.

संशोधकानें या फेरिस्तीकडून काय घ्यावें व काय घेऊं नये, हें नीट पाहिलें पाहिजे. मास्ट.कॅट सांपडली तर ज्या चकत्या आज खोक्यांत नाहींत त्यांचींही नांवें व त्यांवरील फाइलींचीं नांवें तींत मिळतात. मूळ संग्रह केवढा होता व त्यांतला किती भाग गहाळ झाला, हें इतक्या खात्रीनें दुसऱ्या कशानेंही सांगतां यावयाचें नाहीं. पण एखाद्या चकतीची नोंद पुन्हां केली असतां यूकॅट तिच्या जुन्या ओळी काढून नव्या घाली. त्यामुळें फेरिस्त दाखविते ती प्रत्येक चकतीची शेवटच्या नोंदणीच्या वेळची स्थिति. त्याच संग्रहांतील फेरिस्तीची जुनी प्रत दुसऱ्या चकतीवर राहिलेली असेल तर दोन्ही शेजारीं ठेवून पाहाव्या. मधल्या काळांत काय आलें व काय गेलें तें त्यांवरून निघतें. दुसरें असें कीं, या फाइलीच्या आरंभीं कंसांत कांहीं नांवें दिलेलीं असतात. हीं नांवें फेरिस्तींत घेऊं नयेत अशी ती सूचना आहे. प्रणालीबरोबर येणारे नेहमींचे प्रोग्रॅम प्रत्येक चकतीवर असावयाचे, ते पुन्हां पुन्हां नोंदूं नयेत हा तिचा हेतु. परंतु मालकानें तेथें आणखी कोणतीं नांवें घातलीं आहेत तें पाहिल्याखेरीज, अमुक फाइल फेरिस्तींत नाहीं म्हणून ती चकतीवर नव्हती, असा निर्णय कोणीं करूं नये. मौनावरून काढलेलीं अनुमानें किती घसरतात याचीं उदाहरणें आपल्या क्षेत्रांत थोडीं नाहींत.

आतां गठ्ठ्यांकडे येतों. गठ्ठे बांधण्याची गरज तीन गोष्टींतून उत्पन्न झाली. यादींत जागा ६४ नोंदींची, हें वर आलेंच. वर सांगितलेल्या आठ इंची चकतीवर जागा १,०२४ बाइटांच्या एककांत मिळे. त्यामुळें शंभर बाइटांची चिठ्ठीही हजार बाइटांची जागा अडवी. आणि फाइली दूरध्वनीवरून पाठवावयाच्या तर प्रारंभींच्या ३०० बॉडच्या यंत्रांनीं सेकंदास अवघीं ३० अक्षरें जात. १६,३८४ बाइटांच्या एका फाइलीस नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि दूरध्वनीचें भाडें वेळेवर असे. यासाठीं एक तर मजकूर दाबून लहान करणें, किंवा अनेक फाइली एका वेष्टनांत बांधणें, असे दोन उपाय निघाले, व आरंभीं ते दोन निरनिराळ्या हातांचे होते.

दाबण्याचा उपाय रिचर्ड ग्रीनलॉ यांच्या एस्‌क्यू या प्रोग्रॅमचा. डेव्हिड हफमन यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केलेली रीत त्यांनीं वापरली: जें अक्षर वारंवार येतें त्याला आंखूड संकेत, जें क्वचित् येतें त्याला लांब. दाबलेल्या फाइलीच्या उपनांवांतील मधलें अक्षर बदलून त्या जागीं क्यू घालीत. उपनांवाच्या मध्यें क्यू दिसला कीं फाइल दाबलेली आहे हें ओळखावें. पण आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें आंत आहे. दाबलेल्या फाइलीच्या अगदीं आरंभीं ओळखीचे दोन बाइट, मग पडताळ्याची बेरीज, आणि त्यानंतर मूळ फाइलीचें पूर्ण नांव लिहिलेलें असतें. पुढें कोणीं वरचें नांव कितीही वेळां बदललें तरी आंतलें नांव तसेंच राहतें. वेष्टनावर एक नांव व आंत दुसरें, असें आढळलें तर ती फाइल कोणाच्या तरी हातून पुढें गेली आहे हें निश्चित. अशी फाइल सोडवून ठेविली आणि दाबलेली प्रत टाकून दिली, कीं हा साक्षीदार गेला.

बांधण्याचा उपाय गॅरी नोव्होसिएल्स्की यांच्या एल्‌यू या प्रोग्रॅमचा, १९८२ च्या सुमाराचा. त्याच्या गठ्ठ्यास एल्‌बीआर असें उपनांव असे. हा गठ्ठा मजकूर दाबीत नसे. आधीं दाबलेल्या किंवा न दाबलेल्या फाइली तो एकापुढें एक ठेवी, व सर्वांच्या डोक्यावर त्यांची अनुक्रमणिका असे. अनुक्रमणिकेची नोंद पुन्हां ३२ बाइटांचीच: स्थितिदर्शक एक बाइट, अकरा अक्षरांचें नांव, आरंभाचें स्थान, लांबी, आणि पडताळ्याचा दोन बाइटांचा अंक. पहिली नोंद अनुक्रमणिकेची स्वतःचीच असते. पुढच्या आवृत्त्यांत तारखांचीही सोय झाली. ती १ जानेवारी १९७८ हा पहिला दिवस धरून दिवसांच्या संख्येनें मोजावयाची. गठ्ठ्यांतून एखादी फाइल काढून टाकिली असतां येथेंही मजकूर पुसला जात नाहीं. स्थितिदर्शक बाइटांत षोडशमान एफ्‌ई, म्हणजे २५४, लिहिलें जातें एवढेंच, आणि गठ्ठा पुन्हां नीट बांधण्याची आज्ञा कोणी देईपर्यंत तो लेख आंत पडून असतो. म्हणजे चकतीवरून खोडलेले लेख एक, व गठ्ठ्यांतून काढलेले लेख दुसरे; शोध दोन्ही ठिकाणीं करावा लागतो. चकतीवरील खोडलेला लेख तिच्या नकलेंत उतरेलच असें नाहीं. गठ्ठ्यांतून काढलेला लेख मात्र गठ्ठा जेथें जेथें गेला तेथें तेथें त्याच्याबरोबर गेला आहे. गठ्ठा सोडविणारा साधा प्रोग्रॅम तो दाखवीत नाहीं.

१९८५ सालीं सिस्टिम एन्हान्स्मेंट असोशिएट्स या संस्थेचे टॉम हेंडरसन यांनीं एआर्‌सी हा प्रोग्रॅम काढून दाबणें व बांधणें एकत्र केलें. त्याच्याशीं जुळणारा फिल कॅट्‌झ यांचा अधिक वेगवान् प्रोग्रॅम निघाला, त्यावरून १९८८ सालीं न्यायालयांत वाद झाला, आणि १९८९ सालीं कॅट्‌झ यांनीं झिप ही नवी बांधणी काढून तिची रचना सर्वांसाठीं खुली केली. तीच आज सर्वत्र चालते. हा इतिहास अनेकांस ठाऊक आहे, म्हणून त्यांत शिरत नाहीं. संशोधकाला उपयोगी पडणारा भेद अनुक्रमणिकेच्या स्थानाचा आहे. एल्‌बीआरमध्यें ती आरंभीं. तेवढा भाग खराब झाला तर मजकूर राहतो पण नांवें जातात. एआर्‌सीमध्यें एकत्र अनुक्रमणिका नाहींच. प्रत्येक लेखाच्या आधीं त्याचा स्वतःचा मथळा असतो, म्हणून गठ्ठा मध्यें तुटला तरी तुटलेल्या जागेपर्यंतचे लेख सुखरूप निघतात. झिपमध्यें प्रत्येक लेखाला मथळा आहे व शेवटीं संपूर्ण अनुक्रमणिकाही आहे. शेवटचें पान फाटलेला झिप गठ्ठा उघडत नाहीं म्हणून तो निकामी समजून टाकून देऊं नये. मथळ्यांवरून त्याची अनुक्रमणिका पुन्हां बांधतां येते.

एआर्‌सी व झिप यांच्या मथळ्यांत तारीख व वेळ असते, आणि येथें कालनिर्णय करणाराने विशेष सावध राहिलें पाहिजे. १९८१ च्या आयबीएम यंत्रांत बॅटरीवर चालणारें घड्याळ नव्हतें. यंत्र सुरू करतांना तें तारीख विचारी, आणि उत्तर न देतां नुसती कळ दाबली कीं १ जानेवारी १९८० ही तारीख धरून चाले. त्या यंत्राच्या जन्माआधींची ही तारीख ज्या फाइलीवर असेल तिच्यावरून, त्या दिवशीं कोणी तारीख घालण्याचा कंटाळा केला, याहून अधिक कांहीं सिद्ध होत नाहीं. उलट सीपी/एमच्या १९७९ च्या २.२ या आवृत्तींत तारखाच नव्हत्या; त्या चकतीवरील फाइल पुढें डॉस यंत्रावर उतरून घेतली असतां तिला जी तारीख मिळाली ती नकलेची होय, लेखनाची नव्हे. लेख त्या दिवसानंतरचा नाहीं एवढें तिच्यावरून म्हणतां येईल, तेंही त्या यंत्राची तारीख बरोबर होती असें अन्य पुराव्यानें ठरल्यावर. पडताळ्याच्या अंकाबद्दलही तसेंच. दोन बाइटांत ६५,५३६ मूल्यें मावतात. नकलतांना झालेला अपघाती बिघाड त्यानें उघडकीस येतो. बुद्ध्या केलेला फेरफार ओळखण्यास तो पुरेसा नाहीं.

सीपी/एमच्या बाहेरच्या यंत्रांपैकीं दोहोंचा उल्लेख करणें अवश्य आहे. ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो या यंत्राच्या चकतीवर फक्त ३१ फाइलींची यादी मावे व चकतीस बारा अक्षरांचें नांव देतां येई. परंतु त्या नांवापुढें एक दोन आंकडी संख्या असते, व यादीवर लेखन झालें कीं ती एकानें वाढते. एकाच नांवाच्या दोन चकत्या आढळल्या तर मोठ्या संख्येची ती मागाहूनची, असें ९९ नंतर पुन्हां ०० येतें हें लक्षांत ठेवून अनुमान करतां येतें. पाठांची परंपरा लावणाराला याहून सोयीचें साधन क्वचितच मिळेल! दुसरें यंत्र कमोडोर ६४. त्याच्या १५४१ या चालकाच्या चकतीस सोळा अक्षरांचें नांव व दोन अक्षरांची ओळख असे. यादींत दिसणारी ओळख ही नुसती प्रत असून खरी ओळख आंखणीच्या वेळीं प्रत्येक खंडाच्या मथळ्यांत लिहिलेली असते. दोहोंत भेद दिसला तर यादीवर मागाहून कोणाचा तरी हात फिरला आहे. अनेक लोक आपल्या सर्व चकत्यांना एकच ओळख देत, आणि त्यामुळें चकती बदलली हें चालकाला न कळून एका चकतीचा जागेचा नकाशा दुसरीवर लिहिला जाई. अशी बिघडलेली चकती आढळल्यास तींत दोन संग्रहांचे धागे गुंतलेले असण्याचा संभव असतो.

आतां हाताळणीविषयीं. चकती वाचावयास घालण्यापूर्वीं तिच्यावर लेखन होणार नाहीं अशी तजवीज करावयाची, हें सर्वांस ठाऊक आहे. पण तिन्ही आकारांची रीत एक नाहीं. सव्वापांच इंची चकतीची कडेची खांच चिकटपट्टीनें झांकली असतां ती सुरक्षित होते. आठ इंची चकतीचें नेमकें उलट आहे: खांच उघडी असतां ती सुरक्षित, झांकली कीं लेखनास खुली. साडेतीन इंचीचें भोंक उघडें असावें लागतें. एकीची रीत दुसरीस लावून, रक्षणाच्याच हेतूनें, चकती लेखनास मोकळी करून देणें अगदीं सहज घडतें. त्यानंतरचें काम म्हणजे फाइली नकलून घेणें नव्हे, तर संपूर्ण चकतीची पट्टेवार प्रतिमा घेणें. ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्स यांसारखीं उपकरणें चकतीवरील चुंबकीय बदलच टिपून घेतात, त्यामुळें खोडलेल्या नोंदी, खंडांचे मथळे व शेवटच्या खंडांतील अवशेष सर्व त्यांत येतात. पुढचें वाचन त्या प्रतिमेवरून करावें. मूळ चकतीचा चुंबकीय लेप सुटूं लागला असेल तर ती एकदांच वाचूं देईल, आणि तें एकदांचें वाचन यादी पाहण्यांत खर्च होतां कामा नये.

गठ्ठे सोडविलेल्या फाइलींचा एक संच अभ्यासासाठीं करावा. मूळ गठ्ठा, त्याची अनुक्रमणिका, आंतील नांवें, तारखा व पडताळ्याचे अंक यांसह, निराळा न उघडतां ठेवावा. चकतीवरील चिठ्ठी व तिचें कागदी पाकीट यांची छायाचित्रें घ्यावीं, कारण चिठ्ठीवर खोडून लिहिलेलीं नांवें पुष्कळदां चकतीच्या पोटांतील यादीशीं जुळत नाहींत, आणि चकती दुसऱ्यांदा केव्हां व कशासाठीं वापरली तें त्या न जुळण्यावरूनच कळतें. खोक्यांतील चकत्यांचा क्रमही मोडूं नये. ज्या चकतीवर मास्ट.कॅट मिळेल ती सर्वांत आधीं वाचावी, म्हणजे बाकीच्यांपैकीं कोणत्या नाहींत हें काम सुरू होतांनाच कळेल, आणि ज्यांच्याकडून खोका आला त्यांच्या घरीं दुसरा खोका राहिला आहे काय, हें वेळींच विचारतां येईल.